शालूच्या काउंटरवरचा चेहरा

माझे वडील मार्केट यार्डातल्या भुसार विभागात हमाल होते. आई तिथंच गाळ्यांपुढे सांडलेलं धान्य झाडून गोळा करायची, पाखडायची आणि त्याचीच भाकरी करायची. त्या भाकरीत कधी ज्वारी असायची, कधी बाजरी, कधी दोन्ही, आणि दाताखाली थोडी माती. गुलटेकडीच्या वस्तीत आमची एक खोली. मोरी, चूल आणि माझा अभ्यास, सगळं तिच्यातच.

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. पोती वाहून वाहून दादांच्या मानेमागे लिंबाएवढी गाठ झाली होती. शेजारच्या कोंडिबांना तशा दोन होत्या. संध्याकाळी हमाल मंडळी ओट्यावर बसली की एकमेकांच्या गाठींची चेष्टा करायची. आमच्याकडे गाठ म्हणजे आजार नव्हता. कामाची खूण होती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण माझं जे व्हायचं ते त्यामुळेच उशिरा कळलं.

मी बी.कॉम. झालो. आमच्या घरातला पहिला, आणि आमच्या खोल्यांच्या ओळीतलाही पहिला. सकाळी कॉलेज आणि दुपारपासून लक्ष्मी रोडवरच्या साड्यांच्या दुकानात काम. हे मी अभिमानाने सांगतो आणि पुढे पुन्हा सांगणार आहे. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी ती वाक्यं गाळून वाचावीत.

दुकानात मात्र मला शिक्षणाने घेतलं नाही, चेहऱ्याने घेतलं. मी गोरा, नाक सरळ, अंगाने बारीक. शेठनी पहिल्याच आठवड्यात माझ्या खांद्यावर एक शालू टाकला, मागे सरून बघितलं आणि म्हणाले, "ह्याला शालूच्या काउंटरवर उभा करा." आमच्या धंद्यात साडी दाखवणारा माणूस ती स्वतःच्या अंगावर नेसून दाखवतो. शर्ट-पँटवरच कमरेला खोचायची, झरझर निऱ्या घालायच्या, पदर डाव्या खांद्यावर सोडायचा आणि मोठ्या आरशापुढे वळायचं. बायका साडी बघतात, पण साडीच्या वर एक तोंड असतं, तेही बघतात. ते बरं असेल तर साडी बरी वाटते. मी बरीच वर्षं शालू विकले आणि त्याच्या जोरावर आमचं घर एका खोलीतून दोन खोल्यांत आलं.

मग आजार आला. रेडिएशन विभागातल्या समाजसेविका मॅडमनी सांगितलं, "तुम्ही शिकलेले आहात, लिहून काढा. पुढच्या पेशंटना वाचायला देऊ." म्हणून लिहितोय. औषधांची नावं लिहीत नाही. ती तुमच्या डॉक्टरांना विचारा.

गाठ

डाव्या कानाच्या खाली, जबड्याच्या कोपऱ्यावर काहीतरी टणक हाताला लागलं. दुखत नव्हतं. पदर खांद्यावर टाकताना मान वळवली की तिथं ओढल्यासारखं व्हायचं, एवढंच. गल्ल्यावर बसणारे आमचे जोशीकाका म्हणाले, "अक्कलदाढ असेल. तुला उशिराच यायची." दादांना दाखवलं. त्यांनी बोटाने चाचपून पाहिलं आणि म्हणाले, "काय होत न्हाई. मला बघ, किती वरसं झाली." मलाही ते पटलं. हमालाच्या मुलाला गाठ आली, यात काय विशेष?

दिवाळी गेली, लग्नसराई गेली. एका गिऱ्हाईक बाईंनी आरशात बघत विचारलं, "तुमचा ओठ एका बाजूला असा का होतोय?" मी हसलो होतो, आणि हसू डावीकडे पोचलंच नव्हतं.

तुमच्या घरात कुणालाही, कुठंही गाठ आली, तर ती दाखवा. ती कामाची आहे का आजाराची, हे ओट्यावर बसून ठरत नाही.

पहिला प्रश्न

सुई टाकून तपासणी झाली. रिपोर्ट घ्यायला मी आणि माझी बायको सुरेखा गेलो होतो. धर्मादाय रुग्णालय. बाकांवर इतकी माणसं की नंबर पुकारला तरी उठायला जागा करून घ्यावी लागत होती. डॉक्टर मॅडम वयाने माझ्याहून लहान असतील. त्यांनी दाराजवळची माणसं बाहेर पाठवली, दार लावून घेतलं, आणि तेव्हाच मला कळलं.

"लाळेच्या ग्रंथीचा कॅन्सर आहे," त्या म्हणाल्या. "ऑपरेशन करावं लागेल, मग रेडिएशन. चेहरा हलवणारी नस त्या ग्रंथीच्या मधूनच जाते. तुमचा ओठ आत्ताच वाकडा होतोय, म्हणजे नस त्यात अडकली असण्याची शक्यता आहे. तशी निघाली तर ती कापावी लागेल. मग डावी बाजू हलणार नाही. डोळा पूर्ण मिटणार नाही."

मी विचारलं, "मॅडम, नस ठेवून करता येणार नाही का? माझं काम चेहऱ्याचं आहे."

त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला. "बहुतेक लोक आधी विचारतात, मी वाचेन का. तुम्ही चेहऱ्याचं विचारलंत."

"वाचेन का?"

"वाचावं म्हणूनच नस कापायची म्हणतेय."

बाहेर आल्यावर सुरेखा रसवंतीच्या बाकावर बसली. दोन ग्लास मागवले आणि दोन्ही तिनेच प्यायले. मला विचारलं नाही. तेवढा तिला धक्का बसला होता.

सही

घरी जे झालं ते लिहू की नको, असा विचार केला. पण खरं लिहायचं ठरलंय.

आईचं म्हणणं, नजर लागली. रोज आरशापुढे उभा राहतोस, शंभर बायका बघतात, दुसरं काय होणार. "त्या शेठनं माझ्या लेकराचं तोंड विकलं," ती म्हणायची. आणि तिचा हट्ट असा की ऑपरेशन करा, पण नस कापायची नाही, तसं डॉक्टरकडून लिहून घ्या. एवढं देखणं पोर, त्याचं तोंड वाकडं करून कसं ठेवायचं? खरं सांगायचं तर मला आईचं बोलणं गोड लागत होतं. मलाही तेच हवं होतं.

सुरेखा घरी मशीनवर आमच्याच दुकानाचं फॉल-बिडिंगचं काम करते. त्या दिवशी मशीन थांबवून ती म्हणाली, "नस कापायची तर कापू द्या."

आई म्हणाली, "तुला काय. तुझं तोंड न्हाई ते."

मी सुरेखाला विचारलं, "तू माझ्या तोंडाकडे बघून लग्न केलंस का?"

"केलं," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? बघायला आलात तेव्हा मैत्रिणींना सांगत सुटले होते, हिरोसारखा आहे म्हणून."

"मग?"

"मग काय. लग्न झाल्यावर हिरो रोज कोण बघतंय? माझं पहिलं बाळ पोटातच गेलं तेव्हा ऐन दिवाळीच्या सीझनला तुम्ही रजा टाकलीत. शेठनी बोलून घेतलं तरी गेला नाहीत. भांडी घासलीत, माझे केस विंचरलेत, आणि आई काही बोलायला लागल्या की मध्ये येऊन बसलात. ते ह्या नाकाने केलंत का? मला तो माणूस पाहिजे. तोंड कसं का असेना."

आई उठून ओट्यावर गेली. पुढे बरेच दिवस ती सुरेखाशी बोलली नाही. बोलायचं झालंच तर माझ्यामार्फत, मी समोर असताना, "तिला सांग डाळ उतू चाललीय." आजार एका माणसाला होतो, पण भांडणं सगळ्या घरात वाटली जातात. तुमच्याही घरी होतील. घाबरू नका.

दादा शेवटी बोलले. त्यांनी माझा हात धरून त्यांच्या मानेमागे नेला. "ही गाठ बघ. डॉक्टर म्हणला हुता काढू. म्हणलं ऱ्हाऊ द्या. हिच्यावर पोरगं कॉलेजात गेलं. आता लोक मागनं बघत्यात, हसत्यात. हसू दे की. मी कुटं बघाय जातुय मागं?"

संमतीच्या कागदावर मी सही केली. प्रत्येक ओळ वाचून केली. आमच्या घरातून दवाखान्याच्या कागदांवर तोवर अंगठेच उठले होते. मी पदवीधर असल्याचा मला त्या दिवशी सगळ्यात जास्त उपयोग झाला, कारण मी काय कबूल करतोय ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. नस कापावी लागली तर कापा, असं मीच वाचलं आणि मीच कबूल केलं.

वॉर्ड

नस कापावी लागली.

शुद्धीवर आलो तेव्हा डोक्याला पट्ट्या आणि मानेतून बाहेर आलेली एक नळी. पाणी प्यायला गेलो तर ते डाव्या बाजूने छातीवर सांडलं. ते पुसायलाही कुणाला तरी सांगावं लागलं. त्या सांडलेल्या पाण्याचं मला ऑपरेशनपेक्षा जास्त वाईट वाटलं.

वॉर्डाचा दिवस ठरलेला. पहाटेच तापमान बघायला नर्स, मग फरशी पुसणाऱ्या मावशी, मग चहा, मग डॉक्टरांचा घोळका. भेटीच्या वेळी पाहुणे यायचे. पाहुण्यांचं एक ठरलेलं असतं. आधी तोंडाकडे बघतात, मग लगेच खिडकीकडे बघतात, मग म्हणतात, "बरे दिसताय की." आमचे एक लांबचे मामा येऊन, "अरेरे, काय होतास," म्हणाले आणि सफरचंदं ठेवून गेले. मला सफरचंद चावता येत नव्हतं. फरशी पुसणाऱ्या मावशी मात्र सरळ बघायच्या. पहिल्याच दिवशी बादली खाली ठेवून त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "डावीकडं गेलंय होय. बरं, पाय वर घ्या." एवढंच. त्यांचे मी आजही आभार मानतो.

जोशीकाका दुकान बंद करून आले. खुर्चीवर बसून दोन्ही बाजूंनी बघितलं, चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "उत्तम झालंय," म्हणाले. "एक बाजू हसते, एक बाजू गंभीर. पुण्यातल्या दुकानदाराला ह्याहून योग्य चेहरा नाही. गिऱ्हाईक घेणार असेल तर उजवीकडून बघायचं, भाव पाडायला लागलं की डावीकडून." मी ऑपरेशननंतर पहिल्यांदा हसलो. टाके ओढले गेले. नर्सने काकांना बाहेर काढलं.

शैलाताई

रेडिएशन आठवड्यातले पाच दिवस असायचं. त्यासाठी चेहऱ्याचा साचा करतात. गरम पाण्यात मऊ केलेली प्लास्टिकची जाळी तोंडावर दाबून बसवतात, ती थंड झाली की कडक होते. रोज तोच साचा घालून तुम्हाला टेबलाला पक्कं करतात, हलायचं नाही. माझा साचा वाकड्या तोंडाचाच होता. मशीनखाली असताना मी मनात साड्या मोजायचो. पैठणी, नारायणपेठ, इरकल, कांजीवरम. कांजीवरमपर्यंत पोचलो की बहुधा सुटका व्हायची. तुम्ही तुमच्या धंद्यातलं काहीतरी मोजा, वेळ जातो.

बाहेर रांगेत माझ्या आधीचा नंबर शैलाताईंचा असायचा. खडकीच्या बाई, नवरा दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेला. त्यांचा वरचा जबडा आणि गालाचा भाग काढलेला होता. तोंडाला ओढणी बांधून त्या एकट्या बसने यायच्या. बोलणं नाकातून यायचं, पहिले दोन दिवस मला निम्मंच कळलं. तिसऱ्या दिवसापासून सगळं कळायला लागलं.

मी पोचायच्या आधी त्या बाकावर पिशवी ठेवून माझी जागा धरायच्या. घास उजव्या बाजूने कसा फिरवायचा, जेवण झाल्यावर डाव्या गालात साठलेलं बोटाने कसं काढायचं, ग्लासऐवजी चमच्याने पाणी कसं प्यायचं, न मिटणाऱ्या डोळ्यावर झोपताना पट्टी कशी लावायची म्हणजे पापणीचे केस उपटत नाहीत, हे सगळं मला त्यांनी शिकवलं. तोंड कोरडं पडलं, चव गेली, मानेची कातडी काळी पडून सोलायला लागली, तेव्हा मी दोनदा म्हणालो की उद्यापासून येत नाही. त्या म्हणाल्या, "नको येऊस. मग मी पिशवी कुणासाठी ठेवू?" मी गेलो.

एक गोष्ट हळूहळू माझ्या लक्षात आली. इतक्या दिवसांत ह्या बाईने माझ्या चेहऱ्याबद्दल एक शब्द काढला नव्हता. वाईट नाही आणि खोटं चांगलंही नाही. त्यांचा शेवटचा दिवस होता त्या दिवशी मी कारण विचारलं.

ओढणी सारखी करत त्या म्हणाल्या, "तोंडाबद्दल बोलायला अख्खं गाव आहे. मी जेवलास का ते विचारते."

घरी येताना स्वारगेटपर्यंत मी त्याच वाक्याचा विचार करत होतो. माझा सगळा धंदा लोकांच्या तोंडाबद्दल बोलण्याचा. नवा मुलगा लागला की आम्ही पहिलं वाक्य हेच शिकवतो: "ताई, तुमच्या रंगाला हे उठून दिसेल." बाई गोरी असेल तर ती खूश. सावळी असेल तर तिला तिचा रंग दुकानात, दहा माणसांत, ऐकावा लागतो. ते वाक्य मी हजारदा तरी बोललो असेन. दुकानात परत गेलो तर ते बोलायचं नाही, असं मी त्या दिवशी ठरवलं. दुकानात परत जाता येईल का, हे मात्र माहीत नव्हतं.

शेठ घरी आले

तोवर घरात जरा शांत झालं होतं. डोळ्यात दिवसातून अनेकदा थेंब घालावे लागायचे. सुरेखा मशीनवर असली की आई घालायची. एकदा आईचा नेम चुकला, थेंब कानात गेला. सुरेखा उठून आली आणि तिने आईचा हात धरून बाटली सरळ केली. "असं धरा." आई म्हणाली, "असं व्हय." दोघी माझ्या डोक्याच्या दोन बाजूंना बसल्या होत्या. मी डोळा उघडा ठेवून गप्प पडून राहिलो, मध्ये बोललो असतो तर बिघडलं असतं. त्या दिवसापासून डाळ उतू चालल्याचं आई थेट सुरेखालाच सांगायला लागली.

शेठ मोसंबी घेऊन आले. भला माणूस. आजारपणात त्यांनी पगार थांबवला नव्हता, हे मी कधी विसरणार नाही. चहा झाल्यावर म्हणाले, "दत्ता, तू आता आत बस. गोदामात माल लावायचा, नोंदी ठेवायच्या. पगार तोच. ऊन नाही, गर्दी नाही. आराम पडेल."

"शेठ, मला काउंटर पाहिजे."

"अरे, लोक वाईट असतात. लग्नाची खरेदी. कुणीतरी काहीतरी बोलेल, तुला लागेल."

"मला लागेल म्हणून आत बसवताय का गिऱ्हाईक जाईल म्हणून?"

त्यांनी कप खाली ठेवला. "दोन्ही," म्हणाले. खरं बोलले म्हणून मला राग आला नाही.

मी म्हणालो, "आत बसण्यात वाईट काही नाही. नोंदी मी कुणाहीपेक्षा चांगल्या ठेवीन, कॉमर्सचा पदवीधर आहे. पण आज मी आत गेलो तर कायमचा आत जाईन. घरातसुद्धा. पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसेन. मी मला ओळखतो."

शेठनी बराच विचार केला. मग म्हणाले, "बरं. लग्नसराईत एक मोठा बस्ता तू कर. गिऱ्हाईक उठून गेलं, तर तू आत जायचं आणि माझ्यावर राग धरायचा नाही. कबूल?"

मी कबूल म्हणालो.

आरसा

कामावर गेलो त्या दिवशी शालूच्या काउंटरमागचा मोठा आरसा जागेवर नव्हता. भिंतीवर नुसता चौकोनी डाग. सगळे आपापल्या कामात भलतेच गुंतलेले. मी विचारलं तर एक जण म्हणाला पॉलिशला गेलाय, दुसरा म्हणाला फुटला. जोशीकाका गल्ल्यावरून म्हणाले, "पॉलिशला नेताना फुटला. दोघांचंही बरोबर."

मला त्रास होऊ नये म्हणून सगळ्यांनी मिळून तो आदल्या संध्याकाळी गोदामात नेऊन ठेवला होता, तोंड भिंतीकडे करून. लग्नसराईत साडीच्या दुकानात आरसा नाही. पहिल्याच गिऱ्हाईक बाई शालू अंगावर धरून गोल गोल फिरायला लागल्या. "बघायचं कुठं?" त्यांनी विचारलं. काका म्हणाले, "बसा ना बाई, आम्ही सगळे मिळून तुम्हाला सांगतो कशी दिसते."

दुपारी मी आणि दोघांनी आरसा उचलून परत आणला. माझ्याच माणसांनी माझ्यासाठी दुकानाचं एवढं नुकसान करून घेतलं, हे बघून मला काय वाटलं ते मी इथं लिहीत नाही. आरशात पहिल्यांदा नीट बघितलं. मग कामाला लागलो.

पदर डाव्या खांद्यावर येतो आणि माझी हलणारी बाजू उजवी, म्हणजे पदराशेजारी न हलणारा गालच दिसायचा. एकाने सुचवलं, "तू फक्त गुजराती पद्धतीने दाखव, उजव्या खांद्यावर." तेही एकदोनदा करून बघितलं. पण मराठी नवरीला शालू उजव्या खांद्यावर कोण दाखवतं? सोडून दिलं.

बस्ता

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: बस्ता म्हणजे लग्नाची सगळी कापडखरेदी एकाच बैठकीत. नवरीचा शालू, करवल्यांच्या साड्या, मानपानाच्या, देण्याघेण्याच्या. सगळी भावकी येते, गादीवर पाय पसरून बसते, आणि अर्धा दिवस दुकान त्यांचं.

खराडीकडची मंडळी आली होती. पूर्वी शेती, आता जमिनीवर आयटीच्या इमारती. नवरीमुलगी शीतल, स्वतः अशाच एका इमारतीत नोकरीला. रंगाने सावळी. सोबत आई, वडील, चुलते, आणि सगळ्यांच्या पुढे आत्या. अशा बैठकीत एक माणूस ठरवणारं असतं. इथं आत्या होत्या.

आत्यांनी सुरुवातच केली. "पोरीचा रंग बघून दाखवा. गडद काय काढू नका. गडदात दिसायची न्हाई ती."

मी शीतलला विचारलं, "ताई, तुमच्या मनात कुठला आहे?"

तिने आत्याकडे बघितलं, मग हळूच वांगी रंगाच्या शालूकडे बोट केलं. मी तो काढला, कमरेला खोचला, निऱ्या घातल्या, पदर डाव्या खांद्यावर सोडला आणि वळलो.

आत्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. गादीवरची कुजबुज थांबली. "दुसरं माणूस न्हाई का तुमच्याकडं?" त्या म्हणाल्या. "वाईट नका वाटून घेऊ. शुभकार्याला आलोय. पहिलाच शालू, आन् असं..." पुढचं त्यांनी हातानेच दाखवलं.

मी म्हणालो, "आत्याबाई, आजार होता. काढून टाकला. चेहरा तेवढा वाकडा राहिला."

"ते हाय हो. पर बरं दिसत न्हाई."

शेठ गादीवरून उठले. मला वाटलं, झालं. आता दुसऱ्या कुणाला हाक मारतील, आणि मी कबूल केलंय तसं आत जायचं. मी पदर खांद्यावरून उतरवायला घेतला.

शेठ येऊन माझ्याशेजारी उभे राहिले. "आत्याबाई," ते म्हणाले, "बाकीचा बस्ता तुम्ही म्हणाल तो माणूस दाखवेल. शालू आमच्याकडे दत्ता दाखवतो. तुम्हाला नको असेल तर रस्त्यापलीकडे चांगली दुकानं आहेत, मी स्वतः सोडायला येतो."

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. अट त्यांनीच घातली होती, आणि गिऱ्हाईक उठायच्या आधी त्यांनीच ती मोडली. अख्ख्या बैठकीवर पाणी सोडायला तयार होऊन मोडली.

आत्यांनी पर्स काखेत मारली. "चला," म्हणाल्या. वडील आणि दोन चुलते उठलेसुद्धा.

शीतल बसून राहिली. "मी नाही येत," ती म्हणाली.

"आगं, चल म्हणते ना."

"आत्या, काल तीन दुकानं फिरलो. तिन्हीकडे सगळे मला माझा रंग सांगत होते. सावळ्या रंगाला हे, सावळ्या रंगाला ते. मला काय माहीत नाही का मी कशी आहे? ह्या दादांनी एकदाही नाही काढला. मला काय पाहिजे ते विचारलं. मी शालू ह्यांच्याकडूनच घेणार."

तिचे वडील आधी खाली बसले, मग चुलते. आत्या उभ्याच.

मी शालू माझ्या अंगावरून सोडवला. म्हणालो, "ताई, माझ्या अंगावर कसा दिसतो ते राहू द्या. नेसायचा तुम्हाला आहे." तिच्या आईला निऱ्या धरायला सांगितल्या, पदर किती सोडायचा ते दाखवलं आणि आरशापुढून बाजूला झालो. शीतल बराच वेळ बघत होती. मग आईला म्हणाली, "हाच."

आत्यांनी काठ दोन बोटांत धरून पाहिला. "बारीक हाय काठ," म्हणाल्या. आणि बसल्या.

दुपारी सगळ्यांना चहा आला. माझा कप मी बशीत ओतून चमच्याने पीत होतो. आत्या बघत होत्या. मग हलक्या आवाजात विचारलं, "दुखतं का?"

"आता नाही."

"घरी कोण कोण हाय?"

मी सांगितलं. जाताना त्यांनी सुरेखासाठी म्हणून एक साधी सुती साडी वेगळी काढायला लावली. मी नको म्हणालो. "तुला न्हाई, तिला हाय," असं म्हणून त्या पायऱ्या उतरल्या.

आत्तापर्यंत

डॉक्टर मॅडमकडे ठरलेल्या वेळी तपासणीला जातो. शेवटच्या तपासणीत आजार कुठे दिसला नाही. चव बरीचशी परत आली आहे, डोळ्यात थेंब अजून घालावे लागतात. डावी बाजू हलत नाही आणि हलणार नाही. शैलाताईंना अधूनमधून फोन करतो. त्या पहिल्यांदा विचारतात, जेवलास का.

तुमच्यापैकी कुणाच्या चेहऱ्यावर आजार आला असेल, तर माझं एवढंच सांगणं: जगायचं आधी विचारा, दिसायचं नंतर. आणि तुमच्या भोवती कोण कसं वागतंय ते बघा. मला माझी बायको, माझा बाप, एक खडकीची बाई आणि एक दुकानदार ह्या आजारपणात नीट दिसले. त्याआधी मी त्यांच्याकडे एवढं बघितलं नव्हतं.

नव्या मुलांना आता दुकानात मी शिकवतो. गिऱ्हाईकाच्या रंगाबद्दल बोलायचं नाही, हा नियम शेठनी सगळ्या काउंटरना लावला आहे. शालूचं काउंटर माझ्याकडे आहे.